12 रविवार आणि 3 ध्येयं: कोल्हापुरातल्या एका वेलनेस वर्गाचा माझा अनुभव

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज उद्यमनगरात सकाळपासनं लाईट नाही, मशीनी बंद आहेत म्हणून बसलोय लिहायला. जून ते ऑगस्ट मी एका वर्गाला जात होतो. शरीर, मन आणि अध्यात्म, तिन्हीची ध्येयं आपली आपण ठरवायची आणि 12 आठवडे पाळायची असा तो वर्ग. दर रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ, फी 3,600 रुपये आणि डायरीचे 300 वेगळे. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि शिकवणारी माणसं मनानं चांगली आहेत, त्यांचं नाव असं चारचौघांत नको. पण असले वर्ग आता बरेच निघालेत, कुणी जायचा विचार करत असंल तर काय बघून पैसे भरावेत एवढं तरी कळंल.

मी का गेलो ते आधी सांगतो. वय 47, माझं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक सीएनसी म्हंजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, चार पोरं हाताखाली. मे महिन्यात डोकं सारखं जड वाटायचं म्हणून तपासणी केली तर बीपी 148/94, रक्तातल्या साखरेची एचबीए1सी टेस्ट 6.1 आणि कंबर 98 सेंटीमीटर. डॉक्टरांनी नीट समजावलं की एचबीए1सी 5.7 च्या खाली पाहिजे, 6.5 ला डायबेटिस म्हणतात, तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात, आणि भारतीय पुरुषाची कंबर 90 च्या आत असलेली बरी. म्हटलं डॉक्टर पंधरा दिवसांनी परत टेस्ट करू का, तर ते म्हणाले उपयोग नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर ही टेस्ट मोजते, म्हंजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब असतो तो, तीन महिने काहीतरी करा मग या, गोळीचं तेव्हा ठरवू, तोवर घरी बीपी मोजून लिहून ठेवा. घरी येताना हेच डोक्यात. तीन महिने काहीतरी करा, पण काय करा? नेमका दोन दिवसांनी बायकोच्या ग्रुपवर या वर्गाचा मेसेज आला, 12 आठवडे. तिनंच माझं नाव घातलं.

पहिला रविवार. दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, सतरंज्या घातलेल्या, आम्ही 22 जण. शिकवायला तिघं, एक रिटायर्ड पीटीचे सर, एक समुपदेशक मॅडम आणि भजनी मंडळातले एक अण्णा, सत्तरीच्या पुढचे. सरांनी कोरा कागद दिला आणि म्हणाले तीन महिन्यांत जे जे करायचंय ते लिहा. मी 11 लिहिली. वजन 15 किलो कमी, साखर बंद, मटण बंद, पहाटे 4 ला उठणं, रोज 10 हजार पावलं, राग बंद, रोज 11 माळा जप, जोतिबाला दर रविवारी चालत, असं सगळं. सर शेजारी येऊन मांडी घालून बसले आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे तुमच्या हातात आहे काय?" वजन किती उतरंल हे माझ्या हातात नाही, चालायला जाणं माझ्या हातात आहे. राग येणं माझ्या हातात नाही, राग आल्यावर पोरांवर ओरडायच्या आधी बाहेर जाऊन पाणी पिणं हातात आहे. असं करत करत कागदावरच्या 8 ओळी माझ्याच हातानं खोडायला लावल्या. तीन राहिल्या, एक शरीराची, एक मनाची, एक अण्णांच्या खात्यातली. खरं सांगू का, त्या खोडण्यातच माझी निम्मी फी वसूल झाली. मी आजवर जितक्या वेळा काही ठरवलं तितक्या वेळा एकदम दहा गोष्टी ठरवल्या आणि दहाव्या दिवशी सगळ्या सोडल्या.

मग आला प्रश्न आठवड्यात किती दिवस. सगळेच म्हणाले रोज. मी तिथं पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं सर, आमच्याकडं 25 मिलिमीटरच्या शाफ्टचं ड्रॉइंग येतं तेव्हा त्यावर नुसतं 25 कधीच नसतं, प्लस मायनस 0.02 असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्या आत आलं की जॉब पास. बिनटॉलरन्सचं माप कुणी पाळूच शकत नाही, सगळाच माल रिजेक्ट होईल. सर इतके खूष झाले की फळ्यावरच लिहिलं, आठवड्याला 5 दिवस, प्लस मायनस 1. चार दिवस झाले तरी पास, सहा झाले तरी पास, सात केले म्हणून जादा मार्क नाहीत. मग त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला फिलिपा लॅली यांचा 2010 सालचा अभ्यास सांगितला, 96 जणांना एकच नवी सवय धरून ती रोज करायला सांगितलेलं, ती अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, पण कुणाला 18 दिवसांतच जमलं तर कुणाला 254 लागतील असा हिशोब निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. 21 दिवसांत सवय लागते असं जे सगळीकडं ऐकतो ते डोक्यातनं काढा म्हणाले. आपले 12 आठवडे म्हंजे 84 दिवस, 66 त्यात बसतात, पण नाही बसले तरी घाबरायचं नाही.

शरीराचं ध्येय मग असं ठरलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि कमीत कमी दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम सांगते. मध्यम म्हंजे चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, असं सरांचं साधं माप. म्हणून पाच दिवस अर्धा तास रंकाळा तलावावर झपाझप चालणं, आणि बुधवार-शनिवार जोर 10, बैठका 20. जोर-बैठका ऐकून एक-दोन पोरं हसली, त्यांना जिमची सवय. सर म्हणाले बाबांनो ज्या गावात पेठेपेठेला तालीम आहे, ज्या गावात शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, तिथं तुम्हाला जोर मारायला मशीन कशाला लागतंय. आणि पैलवान सुद्धा पहिल्या दिवशी हजार मारत नाही, दहावरनं बाराला जायला आठवडा घ्या.

आता जूनमध्ये कोल्हापुरात रोज चालायचं ठरवणं म्हंजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. दुसऱ्याच आठवड्यात पावसानं जी धार लावली, चार दिवस घराबाहेर पाय नाही. तिथं मॅडमनी शिकवलेली जर-तरची ओळ कामाला आली. पीटर गॉलविट्झर म्हणून जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत त्यांचं यावर मोठं काम आहे, की नुसतं मी चालणार असं ठरवण्यापेक्षा अमुक झालं तर मी तमुक करणार असं आधीच वाक्य करून ठेवलं की ते हातून जास्त होतं, ऐनवेळी विचार करायला लागत नाही. माझं वाक्य होतं, सहाला उठल्यावर पाऊस असला तर बिल्डिंगचा जिना 10 वेळा वर खाली. डायरीत लिहून टीव्हीच्या शेजारी चिकटवलं. आख्ख्या जुलैत मी रंकाळ्यावर मोजून 6 दिवस गेलो असेन पण जिना सोडला नाही, शेजारच्या काकू पण यायला लागल्या सोबत.

मिठाचं तर मी स्वतःहून केलं, हे वर्गात नव्हतं, सरांनी फक्त माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ असं सांगितलेलं. आता 5 ग्रॅम कसं मोजणार, भाजीत घातलेलं, आमटीत घातलेलं. मापाची सवय असल्यामुळं मला ते सोडवेना. मग मिठाचा 1 किलोचा नवा पुडा फोडला त्या दिवशी पेननं पुड्यावर तारीख लिहिली. घरात आम्ही पाच जण, आई, आम्ही दोघं, दोन पोरं. पुडा संपला बरोबर 20 दिवसांत. हजार ग्रॅम भागिले शंभर, म्हंजे माणशी दिवसाला 10 ग्रॅम, दुप्पट! आणि यात पापड, लोणचं, मिसळीवरचा फरसाण, विकतचा कांदा-लसूण मसाला काहीच धरलेलं नाही. बायकोला कागद दाखवला तर तिला वाटलं मी तिच्या हाताला नावं ठेवतोय, म्हटलं अगं सगळ्यात जास्त ताटात वरनं मीठ घेणारा मीच आहे. मीठदाणी टेबलावरनं काढून कपाटात ठेवली, भाताच्या पाण्यात मीठ घालायचं बंद केलं. दुसरा पुडा 31 दिवस गेला, साडेसहा ग्रॅमच्या आत आलो. ज्यांना बीपी आहे त्यांनी एवढं एक तरी करून बघा, याला फी लागत नाही. आणि मटण बंद केलेलं नाही, तांबडा-पांढरा रस्सा रविवारी आहेच, वाट्या दोनच्या जागी एक.

आता मनाचं. याबद्दल लिहायला जरा जड जातंय पण लिहितो, कारण आमच्या लाईनमधली माणसं यावर बोलतच नाहीत. मॅडमनी पीएचक्यू-9 नावाचा फॉर्म भरून घेतला. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतंय का, प्रत्येकाला 0 ते 3 मार्क, एकूण 27. माझे आले 11, म्हंजे मध्यम गटात. मॅडमनी सगळ्यांसमोर आकडे न वाचता एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं, ते मला आवडलं. म्हणाल्या हा आकडा म्हंजे निदान नाही, पण दुर्लक्ष करायचा पण नाही, आणि नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे, त्याला शून्य सोडून काहीही उत्तर असलं तर वर्गाची वाट न बघता डॉक्टरांकडं जायचं. फळ्यावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा नंबर 14416 लिहून ठेवला, सरकारचा आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री कधीही लागतो.

माझं दुखणं काय तर पहाटे 3 ला जाग यायची आणि मग पैसे. लहान उद्योगाचं बिल 45 दिवसांच्या आत द्यायचं असा 2006 चा कायदा आहे, पण आमच्या एका पार्टीकडनं 100 दिवस उलटले तरी येत नाहीत आणि पोरांचा पगार तर 7 तारखेला द्यायचाच असतो. मॅडमनी पैसे कसे आणायचे हे सांगितलं नाही, ते त्यांचं काम पण नाही. त्यांनी काळजीला वेळ ठरवून दिली. संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात, वही घेऊन बसायचं, डोक्यात जे जे आहे ते लिहायचं, ज्यावर उद्या काही करता येईल त्यापुढं काय ते लिहायचं, ज्यावर नाही त्यापुढं रेघ. पहाटे जाग आली की मनाला सांगायचं, साडेसहाला बघू. वीस मिनिटं झोप नाही लागली तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसायचं आणि झोप आली की मग आत यायचं. पहिले दोन आठवडे मला हे अगदी खुळ्यागत वाटलं. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री जाग आली आणि मी खरंच म्हटलं साडेसहाला बघू, आणि डोळा लागला. सकाळी बायकोला सांगताना माझा आवाज भरून आलेला.

आणि अण्णा. अण्णांसाठी म्हणून मी हा वर्ग कुणालाही सांगीन. मी त्यांना रोज 11 माळांचं सांगितलं तर म्हणाले एक करून दाखवा आत्ता. मी 108 मणी सव्वादोन मिनिटांत ओढले. अण्णांनी विचारलं, "मेरुमणी कवा आला कळलं काय?" कळलंच नव्हतं. मी जॉब मोजावेत तसे मणी मोजत होतो. मग त्यांनी माळ काढून घेतली आणि सांगितलं रोज दहा मिनिटं पंचगंगेच्या घाटावर नुसतं बसायचं, नाव घ्यावंसं वाटलं तर घ्यायचं, नाही तर पाणी बघायचं. डायरीत या तिसऱ्या रकान्यात टिक करायला त्यांनी सक्त मनाई केली. बाकी दोन रकान्यांत टिका, आकडे, सगळं, आणि हा कोरा. मला सुरवातीला ते सहन होईना, मोजलं नाही तर झालं कसं कळणार? अण्णा म्हणाले ज्या दिवशी कोरा रकाना बघून जीव कासावीस होणार नाही त्या दिवशी कळंल.

जुलैत नदी वाढली. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हंजे इशारा आणि 43 फूट म्हंजे धोका, 2019 आणि 2021 चे महापूर बघितल्यापासनं हे आकडे इथल्या शेंबड्या पोराला पण पाठ आहेत. घाटाच्या पायऱ्या एकेक करून पाण्यात गेल्या, मी ज्या पायरीवर बसायचो ती तर कधीच गेली, शेवटी तिकडं जाणंच बंद झालं. अण्णांना फोन केला, आता काय करू. म्हणाले, "तुमची पायरी पाण्याखाली हाय, गेली कुठं? घरात बसा की." मग घरात आईच्या देवघरापुढं बसायला लागलो. आई पहाटे फुलं निवडत बसते, ती काही बोलायची नाही, मी काही बोलायचो नाही. लग्नानंतर आईशेजारी असा रोज दहा मिनिटं मी कधी बसलोच नव्हतो. आषाढीला तिला घेऊन आमच्याकडच्या प्रतिपंढरपूर नंदवाळला पण गेलो, ती थोडं अंतर दिंडीबरोबर चालली, मग गाडीनं. टिक कुठंच केलेली नाही. पण ते दिवस मला सगळे आठवतात.

आता तक्रारी, आणि या तितक्याच मनापासनं लिहितोय.

सगळ्यात मोठी तक्रार व्हॉट्सॲप ग्रुपची. रोज सकाळी वजनकाट्यावरचे फोटो टाकायला सांगायचे आणि रविवारी पहिले पाच नंबर जाहीर. एकीकडं वर्गात शिकवता की वजन आपल्या हातात नाही आणि दुसरीकडं वजनावरच नंबर लावता, हे कसं काय? आमच्यात एक ताई होत्या, दवाखान्यात नाईट ड्युटी करून थेट वर्गाला यायच्या, डोळे लाल झालेले असायचे तरी चुकायच्या नाहीत. त्यांचं वजन दोन आठवडे वाढलं, ग्रुपवर कुणीतरी चेष्टेचा स्टिकर टाकला, पुढच्या रविवारपासनं त्या आल्याच नाहीत. मी ग्रुप चालवणाऱ्यांना लिहिलं, उत्तर नाही. नाईट ड्युटीच्या माणसाची झोप, जेवण सगळंच उलटं असतं, तिला रांगेत शेवटी उभं करून काय मिळवलं? याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरी, ते मनाचे फॉर्म. नाव घालून भरून घेतलेले कागद हॉलमधल्या टेबलावर उघड्या फाईलमध्ये, कुणीही चाळावं. मॅडम ज्या दिवशी नव्हत्या त्या दिवशी तर ती फाईल चहाच्या ट्रेखाली होती. मी माझा कागद काढून घरी आणला. आणि मॅडम 12 पैकी फक्त 4 रविवार आल्या, जाहिरातीत तिघांचे फोटो सारखेच मोठे होते. मनाचं काम चार भेटींत भागत नाही, निदान फी घेताना हे सांगायला पाहिजे होतं.

तिसरी, शेवटचे तीन रविवार अर्धा अर्धा तास पावडरीचे डबे विकण्यात गेले, 1,850 रुपयाला एक. घ्यायची सक्ती नव्हती पण न घेणाऱ्याकडं ज्या नजरेनं बघायचे ती सक्तीच. सर आणि अण्णा त्या वेळी खाली जाऊन उभे राहायचे. बाकी लिफ्ट नाही, गुडघेदुखीवाल्यांनी दुसरा मजला लक्षात ठेवा, आणि 300 ची डायरी घेऊ नका, निम्मी पानं रंगीत सुविचारांची, 40 रुपयांची दोनशेपानी वही पुरते.

ऑगस्टअखेरचे माझे आकडे सांगतो, हे माझे आहेत, तुमचे वेगळे येतील. बीपी 134/86, एचबीए1सी 5.8, कंबर 94, त्या नऊ प्रश्नांचे 27 पैकी 6. वजन फक्त साडेतीन किलो उतरलं, पहिल्या पाचात माझा नंबर एकदाही आला नाही. डॉक्टर म्हणाले गोळी अजून नको पण घरी बीपी मोजणं सोडू नका, नोव्हेंबरअखेरला परत साखर बघू. त्या पार्टीचे पैसे अजून यायचेच आहेत.

5 पैकी साडेतीन देईन, अण्णांचे एकट्याचे 5. पुढच्या बॅचला जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी तोंडावर विचारा, मॅडम नेमक्या किती रविवार आहेत, फॉर्म कुठं ठेवता, आणि ग्रुपमध्ये न येता वर्गाला बसता येईल का. ज्यांची बीपी-शुगरची गोळी चालू आहे त्यांनी आपल्या डॉक्टरला विचारूनच जोर-बैठका सुरू कराव्यात, सर हे सांगतात पण मागं बसणाऱ्यांना ऐकू जात नाही.

मी परत वर्ग लावणार नाही. वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनच्या बोर्डाशेजारी एक कागद लावलाय, चालणं 5 प्लस मायनस 1, साडेसहाची वही 5 प्लस मायनस 1, आणि खाली एक कोरी ओळ. पोरं विचारतात मालक ही ओळ कसली, त्यातल्या एकाला मागच्या आठवड्यात घाटावर घेऊन गेलो, माझी पायरी आता पाण्याबाहेर आलीय, फक्त गाळ बसलाय तो धुवायचा आहे. मिठाचा नवा पुडा परवा 2 तारखेला फोडलाय, तारीख या वेळी बायकोनं लिहिली.